पुण्याला गेल्यावर बसवायचे दात

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी एकच नाव सांगेन : मुकुंद पेंढारकर. कोलकात्याजवळच्या बराकपूरचे पेंढारकरकाका. ते ना माझ्या नात्याचे, ना गावाचे. त्यांना जाऊन आता दीडेक महिना होईल. मी सिलिगुडीच्या शाखेत नुकता काउंटरवर बसलो होतो, तेवढ्यात काकूंचा फोन आला. "बालाजी, हे गेले रे. चहा ठेव म्हणाले, आणि मी कप घेऊन येईपर्यंत..." आणि मग एकदम म्हणाल्या, "दातांचं काम अर्धवटच राहिलं बघ." त्या क्षणी मला ते वाक्य विचित्र वाटलं. माणूस गेला आणि ही बाई दातांचं काय बोलते आहे! पण दिवसभराच्या गाडीत खिडकीशी बसून कोलकात्याकडे येताना कळलं, की काकूंनी नेमकं तेच सांगितलं होतं, जे सांगायला हवं होतं.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या भूमचा. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बँकेची परीक्षा पास झालो आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती थेट बराकपूरला. बंगाली येत नव्हतं, हिंदी पुस्तकातलं, इंग्रजी त्याहून पुस्तकातलं. बोलताना तोंडावर हात धरायची मला सवय होती. मोठ्या माणसांपुढे आमच्याकडे तसंच बोलतात, असं मला वाटायचं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनरांची रांग लागली होती. त्यातला एक उंच, पांढऱ्या शर्टातला माणूस माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून मराठीत म्हणाला, "माने का? कुठले?" मी तोंडावर हात ठेवून गाव सांगितलं. "काय? भूक लागलीय?" सगळी रांग वळून बघायला लागली. "अहो, तोंडावरचा हात काढा आणि सांगा. हयात मी आहे हे मला सिद्ध करायचंय, तुम्ही कशाला मेल्यासारखं बोलताय?"

त्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. काका केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मूलबाळ नव्हतं. घर भाड्याचं, पण गॅलरी गंगेवर उघडणारी. जेवण झाल्यावर माझ्या हातात इंग्रजी पेपर देऊन त्यांनी मला गॅलरीत उभं केलं. "मोठ्यानं वाच. समोर नदीपलीकडे श्रीरामपूर दिसतंय ना, तिथल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे." आतून काकू म्हणाल्या, "त्या बिचाऱ्यानं काय पाप केलंय? जेवून झोपला असेल तो." पुढची तीन वर्षं माझे बहुतेक रविवार असे गेले. मी चुकलो की काका हसायचे नाहीत, फक्त "पुन्हा" म्हणायचे. हात तोंडाकडे गेला की हातातल्या सुपारीच्या अडकित्त्यानं माझ्या कोपराला हलकेच टोचायचे. बढतीच्या मुलाखतीत चार साहेबांसमोर मी हात मांडीवर ठेवून बोललो. त्या दिवशी मला कळलं, की शिक्षण कॉलेजात मिळालं होतं, पण आवाज मिळाला तो या गॅलरीत.

त्या घरातल्या भिंतींवर मात्र काहीही नव्हतं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं, देव एका लाकडी खोक्यावर, आणि ते खोकं कुठल्याशा जुन्या बदलीत सामान भरून आणलेलं. एकदा मी कारण विचारलं, तर काकांनी मला गंभीरपणे नियम सांगितला : बदलीच्या गावात भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ठोकला की ऑर्डर येते. सुतारकाम, कपाटं, झाडं, दुखणी, सगळं पुण्याला गेल्यावर. पुण्यात त्यांनी घेऊन ठेवलेला फ्लॅट होता, भाडेकरू होते. "पुढच्या वर्षी जाऊ," हे मी पहिल्या वर्षी ऐकलं, दुसऱ्या वर्षीही ऐकलं. निवृत्त होऊन तेव्हाच दहा वर्षं झाली होती. नियम मात्र नोकरीतलाच चालू होता. बदल्यांवर जगलेल्या अशा घरांत हे मी नंतरही पाहिलं. माणसं आयुष्यभर तात्पुरती राहतात.

दातांचंही तसंच झालं होतं. फार पूर्वी एका गावी डॉक्टरनं पुलाचं काम सुरू केलं, म्हणजे पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्या आधारानं मधला दात बसवायचा. दात घासून झाले आणि बदलीची ऑर्डर आली. कच्च्या सिमेंटवर बसवलेला तो तात्पुरता पूल आगगाडीतच निघाला. तेव्हापासून काकांनी कानाला खडा लावला. दात पडला की तारेचे आकडे असलेली काढघालीची स्वस्त कवळी करायची आणि म्हणायचं, "पक्कं काम पुण्याला." त्या आकड्यांनी शेजारचे दात हलायला लागायचे. मग तेही पडायचे. मग मोठी कवळी. माझी ओळख झाली तेव्हा काका सुपारी कातरून फक्त काकूंना द्यायचे. मला वाटायचं, किती प्रेम!

वरचा शेवटचा दात गेल्यावर काकू हट्टाला पेटल्या आणि आम्ही तिघं स्टेशनजवळच्या दातांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या मुलीनं हाक मारली, "काकू, आशुन!" आणि आमच्या काकू उठून आत निघाल्या. बंगालीत काकू म्हणजे काका, हे इतकी वर्षं राहूनही त्या विसरायच्या. "दात यांचे, मान माझा," असं म्हणून त्या आतच बसल्या. डॉक्टरबाई तरुण आणि शांत होत्या. हिंदीत बंगाली मिसळून, न कंटाळता सांगत होत्या. साधी पूर्ण कवळी सगळ्यांत स्वस्त. बऱ्यापैकी मोबाइल येईल तेवढ्यात होते आणि चार-पाच फेऱ्यांत मिळते. पण खालची कवळी बोलताना हलते, आणि हिरड्या झिजल्या की तिला आतून पुन्हा भर घालावी लागते, तो खर्च वेगळा. दुसरा उपाय, खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवायचे आणि शर्टाच्या दाबबटणासारखी कवळी त्यांवर अडकवायची. त्याला नव्या स्कूटरएवढे पैसे आणि काही महिने लागतील. तिसरा उपाय पक्क्या दातांचा. वर-खाली अनेक स्क्रू, त्यांवर न निघणारे दात. त्यात जुनी का होईना, मोटारगाडी आली असती. सरकारी दंत रुग्णालयात हे सगळं बरंच कमी पैशांत होतं, पण रांगा आणि फेऱ्या फार.

काका हिशेब खात्याचे. त्यांनी एकेक बाब सोलून काढली. तपासणीचे फोटो धरलेत का? खालचे उरलेले दात काढायचे वेगळे का? "स्क्रूवरच्या टोप्यांचे पैसे यात आहेत, की टोपी आम्हाला नंतर घालणार?" डॉक्टरबाई मनापासून हसल्या. मग काकांनी विचारलं, "हे दहा-बारा वर्षांपूर्वी केलं असतं तर?" त्या, बंगालीत मावशीच्या यजमानांना मारतात तशी हाक मारून, म्हणाल्या, "मेशोमशाई, जिथे दात नसतो तिथलं हाड हळूहळू विरघळत जातं. तेव्हा एक-दोन स्क्रूंत काम झालं असतं. आता वरच्या जबड्यात आधी हाडाची भर घालावी लागेल." जन्मभर स्वस्तातलं तात्पुरतं करत आलेल्या हिशेबनीसाला एका वाक्यात सगळी बेरीज मिळाली होती.

पैसे नव्हते असं नाही. पेन्शन चांगली होती. पण बाहेर आल्यावर ते म्हणाले, "दातांची वीस वर्षांची गॅरंटी, माझी कुणी देतंय का?" काकू म्हणाल्या, "उरले तर मला ठेवून जा." ते हसले नाहीत. "पुण्याला गेल्यावर बघू," एवढंच म्हणाले. मग मी पाहत गेलो... फलाटावरची झालमुडी, म्हणजे तिथली चुरमुऱ्यांची भेळ, त्यांना फार आवडायची, खोबऱ्याच्या कापांसकट. ती बंद झाली. भाकरी दुधात कुस्करून, मग नुसता मऊ भात, मग पेज. गणपतीत महाराष्ट्र मंडळात दरवर्षी भाषण काकांचं असायचं. त्या वर्षी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. शब्दांतून वारा जायला लागला तसा त्यांनी फोन घेणं सोडलं. आणि एका रविवारी मी त्यांना काही विचारलं, तेव्हा उत्तर देताना त्यांनी तोंडावर हात धरला. मला पेपर वाचवेना. गंगेवर एक होडी चालली होती, तिच्याकडे बघत उभा राहिलो.

त्याच सुमाराला माझी सिलिगुडीला बदली झाली. काका फोनवर येत नव्हते, म्हणून मी पत्र लिहिलं. आठवड्यानं काकूंचा फोन आला. "काय लिहिलंस रे? गॅलरीत उभं राहून मोठमोठ्यानं वाचलं. अर्धे शब्द मला कळले नाहीत. खालचा फुलवालासुद्धा वर बघत होता. आणि संध्याकाळी म्हणाले, चल, त्या बाईंकडे जाऊ."

त्यांनी मधला उपाय निवडला. स्क्रू बसले त्या दिवशी काकूंनी मला फोनवर ऐकवलं, "जन्मात घरात एक खिळा ठोकू दिला नाही या माणसानं, आणि आता जबड्यात दोन स्क्रू!" मागून काकांचा हसण्याचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी. हाड धरेपर्यंत थांबायचं होतं. ते थांबले. झालमुडीवाल्याला जाऊन सांगून आले म्हणे, की येतोय. कवळी तयार झाली, बटणं लावायचा दिवस ठरला, आणि त्याच्या आधीच ते गेले. काम अर्धवट असताना ऑर्डर येईल, याच भीतीनं ते आयुष्यभर थांबले होते. एकदाच थांबले नाहीत, माझ्या सांगण्यावरून, आणि तेव्हाच ऑर्डर आली.

डॉक्टर म्हणतात हृदयाचं निमित्त, दातांचा संबंध नाही. काकू म्हणतात, दोन वर्षं पेजेवर राहिलेल्या माणसात काय उरणार! मला कुणाचंच पटत नाही आणि कुणाचंच खोडता येत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्या खुर्चीत बसायला लावून मी बरं केलं का, की फार उशिरा केलं... याचं उत्तर सापडलं म्हणून मी हे लिहीत नाही.

मागच्या आठवड्यात मी बराकपूरला गेलो. दवाखान्यातून कवळीची निळी डबी मागच्या खेपेला मीच आणली होती; ती देवांच्या खोक्यावर आहे. काकू म्हणाल्या, "टाकवत नाही आणि बघवत नाही." काकांचा फोटो मोठा करून आणला होता, तो जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेला. मी म्हटलं, वर लावायचा का? काकूंनी कोऱ्या भिंतीकडे बघितलं. "पुण्याला मी एकटी जाऊन काय करू? ठोक." मी खालच्या दुकानातून खिळा आणला आणि ठोकला. पुण्याची वाट बघत राहिलेल्या त्या घरातला पहिला खिळा. फोटोत काका तोंड उघडून हसताहेत. दात सगळे त्यांचे आहेत. मग काकूंनी उशीखालून माझं पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि गॅलरीकडे बोट केलं. मी ते तिथे उभं राहून वाचलं.

ती. काकांस सा. न.

तुम्ही फोन घेत नाही म्हणून लिहितो आहे. इथे नव्या शाखेत रोज बोलावं लागतं, आणि मी बोलतो. परवा एका म्हाताऱ्या बाईंना पेन्शन समजावून सांगितली, तर त्या म्हणाल्या, तुझा आवाज चांगला आहे रे. मी म्हणालो, माझा नाही, आमच्या काकांचा आहे.

काका, लहान तोंडी मोठा घास घेतो. पुण्याला गेल्यावर तुम्ही बोलणार, पुण्याला गेल्यावर खाणार, पुण्याला गेल्यावर हसणार. पण रोजची भूक तर बराकपूरला लागते. डॉक्टरबाईंनी सांगितलेली किंमत मी पुष्कळदा मनात घोळवली. ती जास्त आहे. पण न केल्याची किंमत तुम्ही रोज भरता आहात, आणि ती कुणी तुम्हाला कागदावर लिहून दिलेली नाही. किती वर्षं पुरेल, हा हिशेब मला येत नाही. एक गणपती पुरला, एक झालमुडी पुरली, तरी मला ते महाग वाटणार नाही.

मी पहिल्यांदा तुमच्यासमोर आलो तेव्हा तुम्ही जे म्हणालात, तेच आज उलट तुम्हाला म्हणतो. राग मानू नका. तोंडावरचा हात काढा.

हे पत्र मनातल्या मनात वाचायचं नाही. गॅलरीत उभं राहून वाचा. शब्द कसेही येऊ देत. पलीकडे ऐकू गेलं पाहिजे.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
बालाजी