वहीतले नऊ कोरे रकाने

आंजीला आमच्या घरामागे गावाची विहीर आहे. दर सोमवारी सकाळी बाबा दोरीला दगड बांधून ती तळापर्यंत सोडायचे, वर ओढायचे आणि ओल्या झालेल्या गाठी मोजायचे. हातभर अंतरावर एक गाठ. मग वहीत तारीख आणि आकडा. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. आम्ही भावंडं त्यांची टिंगल करायचो, मी जरा जास्तच.

मागच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं विहीर बुजवायचं काढलं. नळ आलेत, विहीर तर आटतेच, असं त्यांचं म्हणणं. बाबा सगळ्या वह्या पिशवीत घालून बसनं माझ्याकडे, जवळच्याच पिपरी मेघेला आले. "ग्रामसभेच्या आत याचं काही करून दे मले. नाई तर बुजवतीन ते," म्हणाले. बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

माझी नोकरी आकडेवारीची. मी शिकले 'आर' नावाच्या संगणकाच्या भाषेत, माझं डोकं तिच्यातच चालतं. ऑफिसात मात्र सगळं 'पायथॉन' या दुसऱ्या भाषेत, आणि फोनवर बघता येतील असे आलेख काढायची सोय तिथंच तयार होती. म्हणजे हिशेब एकीत, चित्र दुसरीत आणि मधे पूल मी बांधायचा. दोघी अगदी जावा-जावा. एकीला कोरा रकाना चालतो. माहीत नाही, एवढं लिहून ती पुढे जाते. दुसरीच्या पूर्ण आकड्यांच्या रकान्यात कोरी जागा बसेचना. तीन दिवस ती अडून बसली, इकडे सभा रविवारवर आली. मी आधीच तापट. शेवटी वैतागून पुलावरच एक ओळ टाकली: कोरं दिसलं की शून्य धर. झटक्यात सगळं पलीकडे गेलं आणि मी खूश.

शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन आंजीला गेले. बाबांनी चष्मा पुसला आणि रेघेवरून बोट फिरवत गेले. एका जागी रेघ थेट तळाला गेली होती.

"हे काय दाखवून राह्यली?"

"त्या वर्षी आटली असेल ना विहीर. नऊ आठवडे."

"विहीर कधीच आटली नाई."

त्यांनी वही काढून ते पान उघडलं. नऊ तारखा, पुढे काहीच नाही. तारखा मागाहून टाकलेल्या. अंदाजानं आकडेही लिहिता आले असते, पण बाबांनी लिहिले नव्हते.

"तवा तुही माय दवाखान्यात होती. मी गेलोच नाई विहिरीवर."

तेव्हा मी पुण्यात नवी नोकरी धरून बसले होते. "बरी आहे ते, तू नको येऊ," असं बाबा फोनवर सांगायचे, आणि मला ते सोयीचं होतं. आईचे शेवटचे नऊ आठवडे मी तेव्हा पाहिले नाहीत, आणि आता त्यांवर शून्य घालून मोकळी झाले होते. मला फार लाज वाटली. वर उद्या हीच रेघ सभेत दाखवली असती, तर विहीर मीच बुजवली असती.

ओसरीवर बसूनच ती ओळ काढली. कोरी जागा सांभाळणारा रकाना त्या दुसऱ्या भाषेतही असतो, फक्त तो वेगळा मागावा लागतो. अर्ध्या तासाचं काम होतं. आता रेघ तिथं थांबत होती, आणि नऊ आठवड्यांनी पुन्हा सुरू होत होती.

सभेत शाळेच्या भिंतीवर आलेख दाखवला. सरपंचांनी विचारलं, "काका, इथं रेघ काऊन तुटली?"

आई गेल्यापासून बाबांनी चारचौघांत तिचा विषय काढलेला मी ऐकला नव्हता. ते उभे राहिले.

"तवा माही बायको दवाखान्यात होती. मी तिच्यापाशी होतो. बाकी एक सोमवार चुकलो नाई."

सरपंचांनी रेघ पुन्हा एकदा बघितली, ती कुठेच तळाला गेली नव्हती; मग त्यांनीच विहीर बुजवायचा विषय मागे घेतला.

घरी येताना बाबा म्हणाले, "उद्या सकाळी विहिरीवर येजो. माह्यानं आता दगड ओढवत नाई."

मी गेले. तेव्हापासून दर सोमवारी दोरी मी ओढते, ओल्या गाठी बाबा मोजतात.