तीर्थातली गोळी

आमचे सासरे पांढुर्ण्यात मोठ्या आवाजाबद्दल प्रसिद्ध होते. सासूबाई गेल्यावर ते भरदुपारी अंगणात उभे राहून त्यांना हाका मारू लागले. शेजारीपाजारी हसायचे आणि थोरल्या दिरांना लाज वाटायची. चार लोकांची लाज वाटणाऱ्या माणसाइतका निर्दय माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्यांना सौंसरच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा मीही सोबत होते. डॉक्टरांनी सगळं दिरांनाच विचारलं. "सोते हैं? किसी को मारते हैं?"

सासरे स्टुलावरून म्हणाले, "मले विचारा ना. मी इथंच बसून राहिलो."

डॉक्टर गोड हसले आणि गोळ्यांची पुडी दिरांच्या हातात दिली.

थोडे दिवस त्यांनी गोळ्या घेतल्या. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "ह्या गोळीनं डोक्यात कापूस भरते. तुह्या सासूचं तोंडही आठवत नाही मले. गोळी नको म्हणून सांग."

मी सांगितलं. दीर म्हणाले, "मंग तू सांभाळतं का त्याईले?"

आमच्याकडे डोकं फिरलेल्या माणसाला जामसावलीच्या मारुतीचं तीर्थ पाजतात. सासरे ते रोज सकाळी डोळे मिटून प्यायचे. दिरांनी नेमकं तेच हेरलं. गोळी कुटून तीर्थात मिसळू लागले. म्हातारा हात जोडून प्यायचा आणि दिवसभर ओट्यावर लाळ गाळत बसायचा. आल्यागेल्याला दीर सांगायचे, मारुतीची कृपा झाली.

एका सकाळी सासऱ्यांना वाटीच्या बुडाशी पांढरा गाळ दिसला. त्यांनी वाटी पालथी घातली आणि त्या दिवसापासून तीर्थ बंद केलं.

पोळ्याला नणंद तिगावहून आली. बापाची लाडकी. त्यांच्यासाठी जामसावलीला अनवाणी जाऊन तिनं स्वतः तीर्थ आणलं होतं. तिनं वाटी त्यांच्या ओठांना लावली तसे सासऱ्यांनी दात घट्ट आवळले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं.

"बाबाले आता देवही नको झाला," म्हणून ती रडायला लागली.

मला राहवलं नाही. दिरांसमोरच मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, ही तरी भांडेल.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि भावाकडे पाहिलं. "मंग चहात द्यावं ना, दादा. माह्या हातचा चहा तं घेतेतच बाबा."

ती उठली आणि तिनं चुलीवर आधण ठेवलं. सासरे तिथंच बसले होते.