मुर्रीवाल्या काकीचा दवाखाना

मुर्रीवाली काकी बोलायला लागली की शेतातल्या चार बांध्यांपलीकडचा माणूसही आपल्यालाच शिव्या बसताहेत असं समजून उठायचा. मुर्री तिचं माहेर. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात, त्यामुळे तिचं खरं नाव मला किती वर्षं ठाऊकच नव्हतं.

धानाच्या बांधीत कुणाला साप चावला की आमच्या गावात आधी मांत्रिकाला बोलावत. काकीला ते अजिबात खपत नसे. पदर खोचून ती गर्दीत शिरायची. "मंतर मारत बसले काऊन? गाडी काढा! मेल्यावर नेता का दवाखान्यात?" मांत्रिकाशी तिचा उभा दावा होता. वाचलेला माणूस पाया पडायला आला की त्यालाही झापायची, "माह्या पायाशी काय ठेवलं हाये? डॉक्टरच्या पड."

मागच्या वर्षी निंदताना साप तिलाच चावला. जीभ जड होत चालली होती, तरी मांत्रिकाकडे निघालेल्या दिराला तिनं हटकलं. "मले गोंदियाले ने." आयसीयूत तिला श्वासाची नळी घातली. विष उतरलं. तिनं डोळे उघडले आणि काचेपलीकडच्या काकांना खुणेनंच विचारलं, जेवले का? पेढे आणायचेच काय ते बाकी होते.

मग ताप चढला. छातीत जंतू शिरले होते, कुठल्याच औषधाला न जुमानणारे. डॉक्टरांनी खालमानेनं सांगितलं, की हे जंतू तिनं बाहेरून आणलेले नाहीत, इथलेच आहेत. नळ्यांवरून, माणसांच्या हातांवरून या खाटेचे त्या खाटेवर जातात. काका म्हणाले, "सापाचं विष तं उतरलं होतं ना साहेब? मग ही काऊन जाऊन राहिली?" काकी गेली. मला अजून राग येतो, आणि तो सापाचा नाही.

गावात मांत्रिकाला तोंड उघडायची गरजच पडली नाही. लोकच म्हणायचे, "दवाखान्यानं मारली तिले." ते ऐकून काका बांधीकडे चालू लागायचे.

यंदा धानाच्या रोवणीत शेजारची सून किंचाळली. पायावर सापाच्या दातांच्या खुणा होत्या. तिला उचलून घरी आणलं. अंगणात माणसं जमली आणि सगळी काकांकडे बघू लागली. त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली असती, तर आमच्या गावातून पुन्हा कुणी दवाखान्याची वाट धरली नसती. काकांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला.

"गाडी काढा."

आयसीयूच्या दारात नर्स पुढे आली तसे काका आडवे आले. आता भांडतात की काय, म्हणून मी धावलो. पण त्यांनी हात जोडले होते.

"बाई, पोरगी तुमच्या हवाली करून राहिलो. पाया पडतो तुमच्या, तिले हात लावायच्या आधी हात धुवा."