सीमेवर म्हटलेली वंदना

तुमच्या आईचा मोठा भाऊ, माझा अविनाश, एकाहत्तरच्या युद्धात गेला, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर वर्षभर मी देवावर रुसले होते, हे मात्र मुलांनो, आजवर कुणाला सांगितलं नाही. त्याचा देह घरी आला नाही. आगगाडीनं अस्थींचा कलश तेवढा आला. अंत्यसंस्कार सन्मानाने झाले, असं लष्कराचं पत्र होतं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्याच्या तोंडात शेवटचं पाणी कुणी घातलं, अग्नी कुणी दिला आणि त्या वेळी देवाचं नाव कुणी घेतलं का. पलटणीला मी नीटनेटक्या इंग्रजीत तीन पत्रं लिहिली. उत्तरं सभ्य होती, पण त्यांत हे नव्हतं. देवालाही विचारलं. तिथूनही काही आलं नाही, तेव्हा मी पूजाच सोडली.

वर्षश्राद्ध तुमच्या आजोबांच्या आग्रहाखातर ठरलं. धरमपेठेतल्या घरी गुरुजींनी पिंड मांडले होते, मी कोरड्या मनाने वडे तळत होते. इतक्यात फाटक वाजलं. पस्तिशीचा एक माणूस, पायांत लष्करी बूट, हातात लाल मिरच्यांची पिशवी.

“माताजी, मी नाईक सुखदेव. भिवापूरचा. सायबाच्या पलटणीतला.” आतली मांडामांड दिसताच तो मागे सरला. “काही कार्य हाय काय? मंग येतो मी.”

“आज अविनाशचं श्राद्ध आहे.”

त्याने पिशवी खाली ठेवली. “मले तारखेलेच यायचं होतं. सुट्टी नाही भेटली. म्हटलं, उशीर झाला.”

त्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे तिथी तारखेच्या बरीच पुढे गेली होती. त्याला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आजोबाही उठून व्हरांड्यात आले. सुखदेव सांगू लागला, “सायब लय हट्टी. माझा ठेचा चापून खायचे, अन् नाक पुसत मलेच शिव्या द्यायचे!” आजोबा वर्षात पहिल्यांदा हसले. मग सुखदेवने मान खाली घातली.

“माफी मागाले आलो, माताजी. सायबानं पाणी मागतलं, तं माझ्या बाटलीतलं पाजलं. दारूगोळ्याच्या पेट्यांच्या फळ्या रचल्या, आग मीच देल्ली. भटजी कोठून आणणार तिथं? तुमचे मंतर मले येत नाहीत, आम्ही बौद्ध. जे येते तेच म्हटलं, बुद्धं शरणं गच्छामि. पण चुकलो असं सालभर वाटून राहिलं.”

पाणी, अग्नी, नाव. मी पत्रांत ज्या क्रमाने विचारलं होतं, त्याच क्रमाने तो सांगत होता, आणि ती पत्रं त्याने कधी पाहिलीही नव्हती.

“बाई, खोळंबा होतोय,” आतून गुरुजी म्हणाले.

“थोडं थांबा, गुरुजी. एक वंदना व्हायची आहे.”

सुखदेव उंबऱ्याशी अडखळला. “मले आत चालते काय?”

“अरे, माझ्या लेकाला पाणी पाजलंस तू, आणि हे मला विचारतोस?”

बूट काढून तो पिंडांसमोर उभा राहिला आणि घोगऱ्या आवाजात त्याने पुन्हा तेच शब्द म्हटले. गुरुजी भिंतीकडे पाहत राहिले, पण उठून गेले नाहीत. अविनाशच्या चितेपाशी मी त्या वेळी उभी आहे, असं मला वाटत होतं. इतक्या महिन्यांत न आलेलं रडू तेव्हा आलं. नंतर सुखदेव आजोबांच्या शेजारच्या पानावर बसला, आणि त्याला मी आग्रह करकरून वाढलं.

हा योगायोग होता की कृपा, याचा वाद मी घालत नाही. ज्याच्या हातचं पाणी पिणं आमच्या जुन्या माणसांनी नाकारलं असतं, त्याच्या बाटलीतून माझ्या मुलाची तहान भागली. देवाने आपल्याला कोणत्या दाराने भेटावं, हे ठरवणारी मी कोण? मी अजूनही त्याच्याकडे मागते. फक्त कसं द्यायचं, हे आता त्याला सांगत नाही.