बुडावरचे नाव

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने मला फसवले. तिला तर त्याहून जास्त. हे आधी सांगतो, मग सोलापूरची हकीकत.

वैरागला माझे चहाचे दुकान आहे. दुसऱ्याच्या कपबशा विसळत विसळत मी ते उभे केले. पाण्याला मोठे भांडे हवे होते आणि नवे घेणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून सकाळच्या एसटीने सोलापूरला निघालो. दुष्काळ सरला होता. दोन्ही अंगांना काळ्या रानात ज्वारी उभी होती. सात रस्त्याला उतरताना चपलेचा अंगठा तुटला. चांभार जास्त सांगू लागला, तेव्हा त्याच्याशी भांडून अनवाणीच जुन्या बाजारात गेलो.

तिथे मागावर सूत नेणारे झिजलेले लाकडी धोटे, सायकलच्या साखळ्या, कुणाकुणाचे चष्मे. पुढे भांड्यांची रांग. दुष्काळात विकलेली भांडी अजून येत होती. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी कोरलेले नाव: कुणाची सून, कुणाची लेक. वाचत गेलो की एखाद्या गावच्या लग्नांना जाऊन आल्यासारखे वाटते.

माझ्यासाठी ही नावे म्हणजे भाव पाडायची सोय. एका तांब्याच्या हंड्यावर बोट ठेवून विकणाऱ्या म्हातारीला म्हणालो, "मावशी, दुसऱ्याच्या नावाचं भांडं दुकानात कोण मांडणार?"

"नाव कुटं हाय? घासलंय की सगळं."

काठ खरेच कानशीने घासलेला होता. डाग देऊन भोक बुजवलंय का बघावे म्हणून सवयीने हंडा उलटा केला. बुडावर कोरले होते: 'सौ. इंदूस भावाकडून, वैराग.'

माझ्या पहिल्या कमाईतून बहिणीला घेतलेला हंडा. तिच्या मैंदर्गीच्या सासरच्यांचा भरवसा नव्हता, म्हणून नाव दोन ठिकाणी घालून घेतले होते. इंदू तो विहिरीवर विसरली, असे दाजींनी आम्हाला सांगितले होते. तेव्हापासून सासू तिला वेंधळी म्हणते. गेल्या भाऊबीजेला तिने माझी ओवाळणी परत केली. म्हणाली, "दादा, दिलेलं मला सांभाळता येत न्हाई."

"हा कुणी आणला?" मी विचारले.

"मैंदर्गीचा माणूस. मधीच कानडी बोलायचा. म्होरला दात सोन्याचा. बायकू वारली म्हनला, आता पानी कोन भरनार? मलाबी वाईट वाटलं. दोन रुपये जास्तीच दिलं की."

तो दात मी ओळखतो. दाजींचाच तो. बुडावरचे नाव मी पुन्हा वाचले.

"घेता का न्हाई, दादा?"

मी भाव न करताच पैसे काढले. तिनेच आपणहून थोडे कमी केले. तेही मला आवडले नाही.

स्टँडवर भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली, ती तशीच बांधून ठेवली. कंडक्टर हंड्याचे तिकीट मागू लागला, त्याच्यावर मात्र ओरडलो. मग हंडा मांडीवर घेऊन वैरागपर्यंत आलो. बाजारातली ती बाकीची नावे आठवत होती. इतकी वर्षे त्यांवरून मी भाव पाडला. त्यांतल्या किती जणी घरी चुलीपुढे बसून बोलणी खात असतील?

हंडा चिंचेने घासून ठेवला आहे. दाजी, रविवारी मैंदर्गीला येतो. हंडा विकलात, ते एक वेळ सोडून देईन. पण माझी बहीण तुमच्या भाकरी थापत असताना तुम्ही ती मेली म्हणून बाजारात सांगितलेत. ते का, हे तुमच्या आईसमोर, इंदूच्या तोंडाकडे बघून सांगा.