चढत गेलेली रेघ

नवरा गेल्यानंतर काही दिवसांनी मुलीचा पुण्याहून फोन आला. मी फाट्यावर तालुक्याला, मालेगावला जाणाऱ्या बसची वाट पाहत होते.

"आई, बाबाच्या घड्याळात रातचे आकडे येऊन राह्यले. परवापासून."

"बिघडलं असन."

"बिघडलं असतं तर काहीबी आलं असतं. हे बाबाचे येत होते तसेच आहेत. मले भेव लागून राह्यलं."

घड्याळ तिनेच पाठवलं होतं. अकोल्याला यांच्या हृदयाची एक नळी उघडली होती, दुसरीचं महिन्याभराने बघू असं डॉक्टर म्हणाले होते. ते घड्याळ झोपेत ठोके तपासतं. दोन ठोक्यांमधलं अंतर नेहमी सारखं नसतं, किंचित कमी-जास्त होत राहतं. हा फरक चांगला असला की शरीर सावरतंय, कमी होत गेला की थकलंय, असं मुलीने मला समजावलं होतं. आकडा यांच्या फोनमधून तिला तिकडे दिसे; रोजच्या आकड्यांची मिळून एक रेघ होई. सुरुवातीला तो बराच खाली होता. सुधारला नाही तर लगेच अकोल्याला न्यायचं, असं आमचं ठरलं. मग तो चढला आणि चांगला टिकून राहिला. तपासणी आम्ही सोयाबीन निघेपर्यंत पुढे ढकलली. सोयाबीन निघालं. एका सकाळी तूर पाहायला गेलेले हे बांधावरच पडले आणि उठले नाहीत.

घड्याळ मी कपाटात ठेवलं होतं. फोन चालू होता, कारण बँकेचे आणि गॅसचे निरोप त्याच नंबरवर येत.

आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नाही. तरी बस सोडून मी घरी परतले.

धाकटे दीर ओसरीवर चहा पीत बसले होते. दोघे भाऊ तिथेच झोपत. यांची बाज अजून शेजारीच होती, गादी गुंडाळलेली. दिरांच्या मनगटावर घड्याळ होतं.

"भाऊजी, हे कवा बांधलं?"

"परवापासून बांधून राह्यलो. झोप येत नाही, वहिनी. हे असलं की येते."

"अन् आकडे त्यायच्यासारखे कसे येतात?"

त्यांनी कप खाली ठेवला. "दादाले झोपताना ते खाजवे. काढलं की पोरगी फोनवर रागवे. मंग दादा म्हणे, तू बांध, तुह्या म्हशीच्या कातडीले काय होते. अन् सकाळी दादा परत आपल्या हाताले बांधे."

"रोजच?"

"रोजच."

भूत निघालं असतं तर बरं झालं असतं. दिवसभर राबून ज्याचं कधी डोकंही दुखलं नाही, त्या धाकट्या भावाचं हृदय आम्ही तपासत होतो आणि पाहून खूश होत होतो. हातभर अंतरावर यांचं हृदय चाललं होतं, ते कोणी पाहतच नव्हतं.

"पोरीले सांगू नका," दीर म्हणाले. "माह्या तोंडाकडं पाहणार नाही थे."

ते मलाही कळत होतं. बाबा शेवटपर्यंत बरे होत होते, आपलं काही चुकलं नाही, एवढ्यावर ती उभी होती. दुःखाला आलेल्या पाहुण्यांनाही तिने ती चढत गेलेली रेघ दाखवली होती. पण घड्याळ काढून ठेवलं तरी मेलेल्या बापाचे ठोके दिसल्याचं भय तिच्या मनातून गेलं नसतं. मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. "तुमीच सांगा."

त्यांनी सांगितलं, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. मग तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"काका, मंग बाबाचे कोणते?"

"पयल्या काही रातीचे. थेवढेच."

"खालचे?"

दिरांनी फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

"हो बेटा," ते म्हणाले. "खालचे."