पिल्लू देण्याआधी

“आधी आई बघा,” बाई म्हणायच्या आणि गिऱ्हाइकाला पिल्लांजवळून उठवून मागच्या पडवीत न्यायच्या. तिथे त्यांची रिट्रीव्हर कुत्री असायची. “ही परक्या माणसाशी कशी वागते ते बघा. पिल्लं हिच्यावरच जाणार.”

चिखल्याला त्यांची चिकूची वाडी. मी माल उचलायला जायचो. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत, तर तुम्हालाही दम लागला असता. टेम्पो भरेपर्यंत त्या चार वेळा पिल्लांपाशी जाऊन यायच्या. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे बघितल्याशिवाय जोडी लावायच्या नाहीत.

माझ्या मुलीला पिल्लू हवं होतं. वाटलं, ओळख आहे, लगेच मिळेल. पण बाई आधी मसोलीला आमचं घर बघून गेल्या. चहासुद्धा उभ्यानेच घेतला.

“दुपारी घरी कोण असतं?”

“बायको असते.”

“नाही जमलं तर मलाच परत द्यायचं. दुसऱ्या कुणाला नाही.”

मुलीने पिल्लू पसंत केलं. ते दोन महिन्यांचं व्हायला चार दिवस असताना बाईंचा फोन आला.

“पिल्लू न्यायला येऊ नका. बापाचा म्हणून दाखवलेला एक्स-रे दुसऱ्याच कुत्र्याचा निघाला. नवा काढला, खुबे खराब आहेत. पिल्लांनाही पुढे त्रास होऊ शकतो. मी स्वतः उभं राहून काढून घ्यायला हवा होता.”

हेच त्यांनी सातही घरांना कळवलं. पाच जण मागे फिरले. माझी मुलगी म्हणाली, “ती लंगडली तर मी हळू चालेन.” आम्ही तिला घरी आणलं.

उरलेली पाच पिल्लं बाईंनी स्वतःच सांभाळली. नवं वेत घेणं थांबवलं. दर रविवारी मसोलीला यायच्या, आमच्या कुत्रीला अंगणात चालवायच्या आणि मागून तिचे पाय बघायच्या. “ठीक आहे,” म्हणायच्या आणि पुन्हा चालवायच्या.

एका रविवारी ती मागचा पाय उचलून चालली. बाईंनी या वेळी तिला पुन्हा चालवलं नाही. तशाच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिच्या पंजात बाभळीचा काटा सापडला. काढला, ती पळायला लागली. बाईंना फोन करायचा होता. चिकूचा सीझन होता, राहून गेलं. रविवारी येतीलच, म्हटलं. त्या आल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी त्या वारल्याचं कळलं. वाडीवर त्यांचा भाऊ भेटला.

“दवाखान्यात सारखी विचारायची, मसोलीची कशी चालते म्हणून.”

“काटा होता,” मी म्हणालो. “साधा काटा.”